आधी सूत्राचा फॉन्ट, मग मजकुराचा

मराठीत गणिताचे किंवा भौतिकीचे पुस्तक छापायला घेतले की फॉन्टची चर्चा देवनागरीपासून सुरू होते. मुक्ता घ्यावा की शोभिका, अक्षर ठसठशीत हवे की नाजूक, श देठाचा आहे ना, ल पाकळीचा आहे ना, असा खल बराच वेळ चालतो. ते सगळे ठरल्यावर कुणाला तरी सूत्रांची आठवण होते आणि संगणकप्रणाली मुळात जो फॉन्ट देईल त्यात ती सोडून दिली जातात. परिणाम पानावर दिसतो. भरघोस देवनागरी ओळीत मधेच केसाएवढ्या रेघांची समीकरणे येतात, वाक्यातला पाच वेगळा आणि सूत्रातला पाच वेगळा दिसतो, घातांक तर भिंगातून वाचावा लागतो. दोष बहुधा देवनागरी फॉन्टला दिला जातो, पण खरी चूक निवडीच्या क्रमात असते. ज्या पुस्तकात गणित आहे तिथे गणिती फॉन्ट सर्वांत आधी ठरवावा, त्याच्या जोडीचा लॅटिन फॉन्ट त्यानंतर, आणि देवनागरी शेवटी, त्या दोघांच्या मापाने. हे ऐकायला उरफाटे वाटते. या क्षेत्रात गेल्या पन्नास वर्षांत जे घडले ते पाहिले, तर मात्र दुसरा क्रम टिकत नाही.

खिळ्यांच्या काळात गणित जुळवणे हे छापखान्यातले सर्वांत महाग काम होते. साधा मजकूर एका आधाररेषेवर चालतो. सूत्र त्या रेषेच्या वर-खाली फिरते आणि त्यात अंश, छेद, घातांक, वाढत जाणारे कंस असतात. मोनोटाइप कंपनीने १९५० च्या दशकात खास गणितासाठी चार ओळींची पद्धत काढली, तरी कुशल जुळाऱ्याचा हात लागतच असे. डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’चा पहिला खंड १९६८ साली असाच धातूच्या खिळ्यांत निघाला. १९७७ मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे फोटोच्या तंत्राने जुळून आली, आणि ती त्यांना इतकी नापसंत पडली की त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. तीच टेक. तिच्याबरोबर फॉन्ट रेखाटण्यासाठी मेटाफॉन्ट ही भाषा आली आणि त्या भाषेत कॉम्प्युटर मॉडर्न हे कुटुंब घडले. त्याचा नमुना म्हणजे जुन्या खंडांत वापरलेला मोनोटाइपचा ‘मॉडर्न ८ए’. कॉम्प्युटर मॉडर्नला कुणी सुंदर म्हणते, कुणी अशक्त. माझ्या मते त्याचे मोठेपण अक्षराच्या वळणात नाही. मजकुराची अक्षरे, सूत्राची तिरकी अक्षरे, अंक, अधिकचे चिन्ह, भागाकाराची रेष, मुळाचे चिन्ह हे सारे एकाच आज्ञावलीतून, एकाच मापांच्या संचातून निघाले, हे ते मोठेपण. पाच, सात आणि दहा पॉइंटांसाठी आकृत्या वेगवेगळ्या काढल्या होत्या. त्यामुळे घातांकातला दोन हा मोठ्या दोनाची निव्वळ आक्रसलेली प्रत नव्हता, त्याच्या रेघा त्या मानाने जाड होत्या.

गणिती फॉन्ट म्हणजे चिन्हांची पेटी, असा समज अजूनही आहे. पेटी तर असतेच, पण तिच्याबरोबर मापांचा एक करार येतो. टेकच्या मूळ रचनेत चिन्हांच्या फॉन्टने किमान २२ मापे पुरवावी लागतात आणि मोठ्या, ताणल्या जाणाऱ्या चिन्हांच्या फॉन्टने किमान १३. घातांक किती वर चढवायचा, तो आधीच अपूर्णांकाच्या छेदात असेल तर किती कमी चढवायचा, भागाकाराची रेष आधाररेषेपासून किती उंचीवर ओढायची, तिची जाडी किती, हे सगळे त्यात येते. वजाबाकीचे चिन्ह आणि भागाकाराची रेष एकाच उंचीवर यायला हवी. ती अर्धा पॉइंट जरी हुकली तरी दोन अपूर्णांकांची वजाबाकी पायरीसारखी दिसते. आता कुणी फक्त मजकुराचा फॉन्ट बदलून टाइम्स घेतला तर काय होईल? मापे जुन्या फॉन्टची राहतील आणि आजूबाजूची अक्षरे नव्याची असतील. नेमके हेच १९९० च्या दशकात घडले. फ्रँक मिटलबाख आणि राइनर श्योप्फ यांनी टेकवर उभारलेल्या लाटेकसाठी केलेल्या फॉन्ट-निवडीच्या योजनेने मजकुराच्या बाजूला मोठी मोकळीक दिली. सांकेतन, कुटुंब, जाडी, आकार आणि माप ही पाच अंगे एकमेकांपासून सुटी करता आली. १९९० मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क इथे युरोपीय भाषांच्या मजकुरासाठी एक सांकेतनही ठरले. गणिताच्या बाजूला तसा सर्वमान्य नकाशा रुजलाच नाही. एका फॉन्टमध्ये २५६ जागा आणि एका सूत्रात १६ कुटुंबे ही मर्यादा होती, आणि प्रत्येक संच आपापल्या सोयीने चिन्हे मांडत होता. टाइम्सबरोबर चालणारा मायकेल स्पिवाक यांचा मॅथटाइम, बिगेलो आणि होम्स यांचा लुसिडा, पुढे मुक्त परवान्याचे अनेक संच हे सगळे आपापल्या परीने चांगले होते. पण प्रत्येकाचे आज्ञासंच वेगळे, आणि एकात असलेले चिन्ह दुसऱ्यात असेलच असे नाही. त्या काळात अनेक पुस्तकांत मजकूर टाइम्स आणि सूत्र कॉम्प्युटर मॉडर्न असा बेमेळ दिसतो तो याच कारणाने.

ही कोंडी बाहेरून फुटली. २००१ मध्ये युनिकोडच्या ३.१ आवृत्तीत गणिती अक्षरांचा एक स्वतंत्र गट आला. जाड, तिरकी, लिपीवळणाची, दुहेरी रेघेची अशी जवळपास हजार अक्षरे त्यात आहेत, कारण गणितात तिरका ‘एच’ आणि जाड ‘एच’ या दोन वेगळ्या राशी असू शकतात. २००४ साली जोनाथन क्यू यांनी झीटेक आणले आणि टेकला संगणकावरचे फॉन्ट, पुढे ओपनटाइपही, थेट वापरता येऊ लागले. आपल्या दृष्टीने तीच मोठी घटना, कारण देवनागरीची जोडाक्षरे आणि वेलांट्या त्यामुळे आपोआप जुळू लागल्या. त्याआधी फ्रान्स व्हेल्टहाउस यांच्या देवनाग या पूर्वप्रक्रियेतून रोमन अक्षरांत टंकन करावे लागे. गणिताचा तिढा मात्र मायक्रोसॉफ्टने सोडवला. ऑफिस २००७ बरोबर आलेल्या कॅम्ब्रिया मॅथ या फॉन्टमध्ये मापांचा तो सगळा करार फॉन्टच्याच पोटात एका तक्त्यात ठेवला होता. अक्षरमांडणीची मापे, कोणत्या अक्षराच्या कुशीत घातांक किती आत सरकवायचा, कंस वाढवताना कोणते तुकडे जोडायचे हे सगळे त्यात होते. पुढे हा तक्ता ओपनटाइपच्या अधिकृत रचनेचाच भाग झाला. झीटेक आणि टेकचेच दुसरे नवे रूप असलेले लुआटेक तो वाचू लागले, आणि विल रॉबर्टसन यांच्या फॉन्टस्पेक आणि युनिकोड-मॅथ या संचांनी लाटेकमध्ये मजकूर आणि गणित यांचे फॉन्ट एकेका ओळीच्या आज्ञेने बदलण्याची सोय केली. आज्ञा सोपी झाली म्हणून निवडही सोपी झाली, असा गैरसमज मात्र याच सोयीतून पसरला.

कारण असा तक्ता असलेले फॉन्ट मोजकेच आहेत. पोलंडच्या गुस्ट या गटाने केलेले लॅटिन मॉडर्न मॅथ आणि टेक जायर मालिकेतले टर्मेस, पजेला, बोनम, स्कोला. वैज्ञानिक प्रकाशकांच्या संयुक्त प्रयत्नातून आलेले स्टिक्स. खालिद होस्नी यांचे लिबर्टिनस. कॉम्प्युटर मॉडर्नची नवी आवृत्ती न्यू कॉम्प्युटर मॉडर्न. आणखी थोडी नावे. स्टिक्सची कथाच पुरेशी बोलकी आहे. प्रकल्प १९९५ मध्ये सुरू झाला, पहिली पूर्ण आवृत्ती २०१० मध्ये निघाली आणि वळण सुधारलेला स्टिक्स टू २०१६ मध्ये. हजारो चिन्हे आणि त्यांची मापे नीट बसवायला एवढा काळ लागतो. उलट देवनागरी फॉन्ट गेल्या दहा-पंधरा वर्षांत भरपूर आले. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा, मुंबईच्या आयआयटीतून आलेला शोभिका, खास मराठी वळणाचा टिरो देवनागरी मराठी ही त्यातली काही ठळक नावे. एका बाजूला दहा-बारा पर्याय असतील आणि दुसऱ्या बाजूला शेकडो, तर दुर्मीळ बाजू आधी पक्की करावी हा साधा व्यवहार आहे. शिवाय देवनागरी फॉन्टचे माप टक्क्याने कमी-जास्त करता येते. गणिती फॉन्टच्या आतली मापे एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की त्यातल्या एकाला हात लावला की दुसरे बिघडते.

यावर आक्षेप घेता येतो की पानाचा मोठा भाग मराठी मजकुराचा असतो, वाचकाचा डोळा त्याच्यावरून फिरतो, मग थोड्या सूत्रांसाठी अख्ख्या मजकुराने का झुकावे? आक्षेप खरा आहे, आणि ज्या पुस्तकात दर दहा पानांना एक सूत्र आहे तिथे तोच निर्णायक मानावा. पण बीजगणिताच्या किंवा यामिकीच्या पुस्तकात सूत्र हे मजकुराच्या ओळीतच बसलेले असते. वाक्याचा कर्ता एखादी राशी असते आणि क्रियापद मराठी असते. अशा ओळीत दोन फॉन्टांचा मेळ बिघडला तर मजकूरच खडबडीत होतो. म्हणजे मजकुराच्या वाचनीयतेसाठीच गणिती फॉन्ट आधी बघायचा आहे. निवडीला वाव तरीही उरतो. टर्मेसच्या गडद वळणाशी एक देवनागरी जुळेल, पजेलाच्या मोकळ्या अक्षराशी दुसरी.

मेळ बसवण्याच्या तपशिलात तीन गोष्टी नेहमी चुकतात. पहिली मापाची. फॉन्टस्पेकमध्ये एका फॉन्टच्या छोट्या लॅटिन अक्षरांची उंची दुसऱ्याशी आपोआप जुळवण्याची सोय आहे आणि लोक ती देवनागरीलाही लावतात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. प्रणाली तिथे फॉन्टमधल्या लॅटिन भागाची उंची घेते आणि तिच्यावरून देवनागरीचे माप ठरवते. हा हिशेब निरर्थक आहे. शिरोरेषा लॅटिनच्या छोट्या आणि मोठ्या अक्षरांच्या उंचीमध्ये कुठे पडते ते डोळ्याने पाहून टक्केवारी हाताने द्यावी, आणि ती ठरवताना रफार, मात्रा आणि खालचे उकार धरून ओळींमधले अंतर तपासावे. दुसरी चूक देवनागरी फॉन्टमध्ये फुकट मिळणाऱ्या लॅटिनची. शोभिकात पीटी सेरिफचे लॅटिन आहे. स्वतंत्रपणे ते चांगले आहे, पण मग वाक्यातले लॅटिन अक्षर एका वळणाचे आणि सूत्रातले दुसऱ्या वळणाचे होते. लॅटिन मजकूर गणिती फॉन्टच्या जोडीदारातूनच घ्यावा, म्हणजे स्टिक्स टू मॅथबरोबर स्टिक्स टू टेक्स्ट, आणि देवनागरी फॉन्टला फक्त देवनागरी अक्षरे सोपवावीत. लुआटेकवर बेबल हा संच लिपी ओळखून ही वाटणी आपोआप करू शकतो. तिसरी चूक भाषा न सांगण्याची. अनेक फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श आतच असतात, पण लिपी देवनागरी आणि भाषा मराठी असे दोन्ही सांगितल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत. केवळ लिपी सांगून थांबले की हिंदी वळणाचे पुस्तक निघते आणि बिचारा फॉन्ट शिव्या खातो.

आता सूत्राच्या आत मराठी आणायची वेळ येते, आणि इथे प्रश्न खरोखर चिवट होतो. शालेय पुस्तकांत लसावि आणि मसावि ही सरळसरळ गणिती क्रियांची नावे आहेत, जशी साइन आणि कॉस आहेत. म्हणून ती सूत्राच्या अवस्थेत तशीच टंकण्याचा मोह होतो. सूत्राच्या अवस्थेत झीटेक प्रत्येक अक्षर ही स्वतंत्र राशी मानते आणि एकेकटे उचलून ठेवते. अक्षरे एकमेकांत गुंफणारी ओपनटाइपची यंत्रणा तिथे चालत नाही. त्यामुळे लसावितली शेवटची ऱ्हस्व वेलांटी व च्या आधी न येता नंतर लोंबकळते आणि मसाविचे तेच होते. गणिती फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरेच नसतील तर त्याहून वाईट: पानावर कोरी जागा किंवा चौकोन उमटतो आणि त्याची दखल फार तर प्रक्रियेच्या नोंदवहीत राहते, जी कुणी उघडत नाही. उपाय सोपा आहे, पण तो प्रत्येक वेळी करावा लागतो. सूत्रातला मराठी शब्द मजकूर म्हणूनच एका डबीत घालायचा आणि ती डबी क्रियेच्या जागी ठेवायची. एकदा लसावि नावाची आज्ञा तशी बांधून ठेवली की पुढे त्रास नाही. पादांकात येणारा ‘कमाल’ किंवा ‘एकूण’ हाच नियम पाळतो.

इथे एक स्वाभिमानी आक्षेप येतो आणि त्याला उडवून लावता येणार नाही. हे सगळे लॅटिनच्या मर्जीने का चालावे? भास्कराचार्यांच्या बीजगणितात अव्यक्त राशींसाठी यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक यांची आद्याक्षरे या, का, नी, पी वापरली आहेत, ज्ञात संख्येसाठी रू, आणि ऋण राशीवर टिंब. शिवाय २०१२ मध्ये युनिकोडच्या ६.१ आवृत्तीत अरबी गणिती अक्षरांचा १४३ चिन्हांचा गट आला, कारण अनेक अरबी देशांत सूत्र उजवीकडून डावीकडे अरबी अक्षरांत लिहिले जाते. मग देवनागरीचा गणिती फॉन्ट का नको? उत्तर भावनेत शोधू नये, अक्षराच्या बांधणीत शोधावे. लॅटिन सूत्रात राशी तिरकी आणि मजकूर सरळ असतो, आंतरराष्ट्रीय मानकही तेच सांगते. वाक्यात एखादे अक्षर राशी आहे की शब्द, हे वाचकाला या तिरकेपणावरून कळते. देवनागरीत लॅटिनसारखी वेगळ्या घडणीची तिरकी परंपरा नाही. वाक्यात ‘क’ ही राशी आली तर ती शब्दाचा तुटका तुकडा वाटते. सरासरीसाठी राशीवर आडवी रेष द्यायची म्हटली तर तिच्याखाली शिरोरेषा आधीच आहे. छपाई जरा फिकी झाली की राशी आणि तिची सरासरी सारखीच. टिंब दिले तर अनुस्वार. आणि या, का, नी या खुणांना काना-वेलांटी असल्याने त्या वर सांगितलेल्या सुट्या अक्षरांच्या यंत्रणेत बसत नाहीत. भास्कराचार्यांच्या लेखनात या अडचणी आड आल्या नाहीत, कारण तिथे अपूर्णांकाखाली अपूर्णांक आणि घातांकावर घातांक अशा मजल्यांची आजची मांडणीच नव्हती. अरबी गटामागे वापराची जिवंत परंपरा होती. मराठीत आजचे लेखक राशींसाठी लॅटिन आणि ग्रीक अक्षरेच वापरतात, आणि जे कुणी लिहीत नाही त्यासाठी फॉन्ट मागण्यात अर्थ नाही.

अंकांची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि दोन्ही प्रश्नांची गल्लत झाल्याने वाद वाढतो. देवनागरी अंक सुटे असतात, त्यांना शिरोरेषा नाही, कान्यामात्रा नाहीत, शेजारच्याशी गुंफायचे नाही. सूत्राच्या यंत्रणेत ते बिनबोभाट शिरू शकतात. अंकांची गणिती नेमणूक देवनागरी फॉन्टकडे वळवली की काम होते. ते कधी वळवावे हा खरा प्रश्न. प्राथमिक इयत्तांच्या पुस्तकात सगळीकडे देवनागरी अंक असावेत याबद्दल दुमत नसावे. उच्च शिक्षणाच्या पुस्तकात सूत्रात आंतरराष्ट्रीय अंक आणि मजकुरात देवनागरी अशी वाटणी अनेकदा दिसते, आणि ती बहुधा विचार न करता झालेली असते: ‘५ किलो’ मजकुरात एका रूपात आणि पुढच्याच ओळीतल्या समीकरणात तोच पाच दुसऱ्या रूपात. त्यातही देवनागरी एक आणि आंतरराष्ट्रीय नऊ यांची आकृती जवळची, ही भर. यावर एक जुना, शिस्तीचा तोडगा आहे. १९८९ च्या ‘काँक्रीट मॅथेमॅटिक्स’मध्ये सूत्रांसाठी हेर्मान त्साप्फ यांनी रेखाटलेला ऑयलर फॉन्ट होता आणि मजकुराचा फॉन्ट वेगळा. त्यामुळे क्नूथ यांना पुस्तकातल्या प्रत्येक संख्येबद्दल ठरवावे लागले: ही संख्या गणिताचा भाग आहे की सन किंवा प्रकरणाचा क्रमांक आहे? गणिती संख्या, मग ती वाक्याच्या मधोमध का असेना, ऑयलरमध्ये लावली गेली. हाच नियम मराठीत घ्यावा. ज्या संख्येने हिशेब होतो ती लेखकाने टंकतानाच सूत्र म्हणून खुणवावी, बाकीच्या संख्या मजकुरात राहू द्याव्यात. मग तेच पुस्तक शाळेसाठी देवनागरी अंकांत आणि महाविद्यालयासाठी आंतरराष्ट्रीय अंकांत काढायचे असेल, तर एक नेमणूक बदलणे पुरते. ही खूण पहिल्या मसुद्यापासून ठेवावी लागते. नंतर चारशे पानांत संख्या शोधत बसणे कुणाला परवडत नाही.

टेकच कशाला, असेही विचारले जाते. वर्ड आहे, जालावर मॅथजॅक्स आणि केटेक आहेत, क्रोमने जानेवारी २०२३ पासून मॅथएमएल दाखवायला घेतले, टिप्स्ट नावाची नवी प्रणाली त्याच वर्षी सर्वांसाठी खुली झाली. हे सगळे उपयोगी आहे. पण फॉन्टांच्या क्रमाचा प्रश्न यातल्या कशानेही सुटत नाही, कारण यांतले बरेचसे तोच गणिती तक्ता वाचतात किंवा कॉम्प्युटर मॉडर्नच्याच वंशातले फॉन्ट देतात. टिप्स्टचा मूळ मजकूर लिबर्टिनसमध्ये आणि मूळ गणित न्यू कॉम्प्युटर मॉडर्नमध्ये येते. लिबर्टिनसला स्वतःचा गणिती जोडीदार असूनही नव्या प्रणालीत बेमेळ जोडी मूळ निवड म्हणून राहते, यावरून ही सवय किती खोल आहे ते कळते. मूळ निवड राहू देण्यात गैर नाही, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की ती निवड लॅटिन पानासाठी झाली आहे. कॉम्प्युटर मॉडर्नच्या बारीक रेघा त्याच कुटुंबाच्या मजकुराशेजारी शोभतात. देवनागरीच्या जाड शिरोरेषेखाली त्या विरून जातात.

एक उणीव मात्र नुसत्या निवडीने भरून निघत नाही. देवनागरी अंक घातांकात गेले की प्रणाली ते फक्त लहान करते, साधारण सत्तर टक्क्यांवर आणि त्याच्या खालच्या मजल्यावर आणखी कमी. रेघा त्याच प्रमाणात बारीक होतात आणि पुस्तकी कागदावर ६ चा खालचा फाटा नाहीसा होतो, ५ आणि ४ च्या गाठी भरून जातात. लॅटिन गणिती फॉन्टांत यासाठी लहान मापाची वेगळी रूपे देण्याची ओपनटाइप सोय आहे आणि चांगले फॉन्ट ती वापरतात. देवनागरी मजकुराच्या फॉन्टांत तशी रूपे सहसा नसतात, कारण ते गणितासाठी काढलेलेच नसतात. काम अफाट नाही: दहा अंक, प्रत्येकाची ओळीतली, घातांकातली आणि घातांकाच्या घातांकातली अशी तीन रूपे, सर्वांची रुंदी समान, उंची गणिती फॉन्टच्या अंकांएवढी, आणि दशांशचिन्हाभोवतीचे अंतर नीट तपासलेले. तीस आकृत्या. यशोमुद्रा किंवा मुक्तासारख्या मुक्त परवान्याच्या फॉन्टवर त्या बेतता येतील, आणि मराठीतले पहिलीपासूनचे गणित त्यांच्यावर छापता येईल.